धुक्यातील उड्डाण आणि नकाराचा अधिकार

ज्यांचे आयुष्य कामगार चळवळीत गेले त्यांनी परदेशातल्या एका कोट्यधीशाच्या खाजगी हेलिकॉप्टरविषयी लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. हेलिकॉप्टरात बसण्याचा योग आम्हाला आलेला नाही, आणि येईल असेही दिसत नाही. पण हेलिकॉप्टर चालविणारा माणूस हा बहुधा पगारी माणूस असतो, आणि खाजगी हेलिकॉप्टरात त्याच्या मागच्या आसनावर खुद्द मालक बसलेला असतो. गिरणीत मालक खात्यात क्वचित येतो. येथे तो पाठीशी दोन हातांवर असतो. यंत्र, हवामान, मालक आणि नोकर या चौघांची गाठ एखाद्या अंधाऱ्या रात्री पडली म्हणजे काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. विमानविद्येचे आम्ही पंडित नव्हेत. अपघातांचे चौकशी-अहवाल शांतपणे वाचण्याची सवय मात्र संघटनेच्या कामाने आम्हाला लावली आहे. त्या सवयीच्या बळावर हा विषय मांडीत आहोत.

इंग्लंडच्या पूर्व भागात नॉरफोक नावाचा परगणा आहे. सपाट, ओलसर, नद्या-ओढ्यांचा प्रदेश. तेथे बेकल्स गावाजवळ गिलिंगहॅम हॉल नावाचा एक जुना वाडा आहे. १३ मार्च २०१४ रोजी, गुरुवारी, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास या वाड्याच्या आवारातून एक हेलिकॉप्टर निघाले. त्यात चार जण होते. वाड्याचे आणि हेलिकॉप्टरचे मालक लॉर्ड बॅलिएडमंड, दोन वैमानिक आणि आणखी एक प्रवासी. लॉर्ड बॅलिएडमंड म्हणजे मूळचे एडवर्ड हॉही. उत्तर आयर्लंडमधील न्यूरी गावी जनावरांच्या औषधांचा मोठा कारखाना त्यांनी उभा केला होता, आणि आयर्लंडच्या सेनेटात व ब्रिटिश लॉर्डांच्या सभेत अशा दोन्ही ठिकाणी ते बसले होते. वय ७०. हेलिकॉप्टर हलक्या प्रतीचे नव्हते. ऑगस्टा-वेस्टलँड कंपनीचे ‘एडब्ल्यू १३९’ जातीचे, दोन इंजिनांचे, स्वयंचलित नियंत्रणाची साधने असलेले, सहा टनांहून अधिक भार घेऊन उडणारे ते यंत्र होते. समुद्रातील तेलविहिरींवर माणसे नेण्यासाठी आणि जीवरक्षणाच्या कामासाठी ही जात जगभर वापरतात.

त्या वेळी अंधार पडलेला होता आणि दाट धुके होते. आजूबाजूला दिवे जवळजवळ नव्हते. मुख्य वैमानिकाने उड्डाणापूर्वी सांगितले होते की सरळ वर चढायचे आणि मग पुढे जायचे. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर वर उठले, पुढे सरकू लागले, त्याचे नाक हळूहळू खाली झुकत गेले, आणि काही क्षणांतच ते जवळच्या शेतात जमिनीवर आदळले. चौघेही मरण पावले. ब्रिटनच्या विमान अपघात तपास विभागाचा अहवाल २०१५ साली निघाला. यंत्र बिघडल्यामुळे हे झाले असा निष्कर्ष त्यात नाही. चांगले यंत्र, दोन व्यावसायिक वैमानिक. आणि तरीही ते यंत्र त्यांच्याच हातांनी जमिनीत गेले.

हे कसे होते? येथून खरा विषय सुरू होतो.

प्रथम धुक्याचा विचार करू. धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढगच. हवेतील बाष्प गार होऊन त्याचे सूक्ष्म थेंब झाले म्हणजे त्यातून पलीकडचे दिसेनासे होते. एक हजार मीटरच्या आतलेच दिसत असेल तर हवामानशास्त्रात त्याला धुके म्हणतात; तेवढे पुष्कळ विरळ असले तर धूसर म्हणतात. रात्री धुक्यात आणखी एक अडचण येते. ज्याने घाटात धुक्यातून मोटार चालविली असेल त्याला ती ठाऊक आहे. दिवे जितके प्रखर करावे तितका समोर पांढरा पडदा दाट होतो, कारण तो उजेड थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांत येतो. मोटारीचा ड्रायव्हर अशा वेळी काय करतो? वेग कमी करतो, कडेची पांढरी रेघ धरतो, आणि फारच झाले तर गाडी बाजूला घेऊन थांबतो. हेलिकॉप्टरच्या चालकाला यांतले काहीच उपलब्ध नसते. त्याला कडेची रेघ नाही. थांबायचे तर अधांतरी थांबावे लागते, आणि अधांतरी थांबण्यासाठीच डोळ्यांची सर्वांत अधिक गरज असते.

आता शरीराचा विचार करू. आपण सरळ उभे आहोत की वाकडे, हे आपल्याला कसे कळते? पुष्कळसे काम डोळे करतात. क्षितिज, भिंती, झाडे, दारे यांच्यावरून मन सतत हिशेब करीत असते. दुसरे काम कानाच्या आतल्या भागात चालते. तेथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. डोके फिरले की त्यांतला द्रव मागे राहतो आणि फिरल्याची जाणीव होते. त्यांच्याच शेजारी बारीक खड्यांसारख्या कणांचा थर आहे. डोके कलले की ते कण कलतात आणि खाली कोठे आहे ते समजते. तिसरे काम अंगाखालची बैठक, पाठ आणि स्नायू करतात. जमिनीवर चालण्याधावण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. उडण्यासाठी ती घडलेली नाही.

तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली अशी की फिरणे फार सावकाश असेल तर कानातल्या द्रवाला त्याचा पत्ताच लागत नाही. दुसरी उणीव अधिक घातक आहे. वजनाने होणारी ओढ कोणती आणि वेग वाढल्याने बसणारा रेटा कोणता, हे आतल्या कणांना वेगळे ओळखता येत नाही. एस्. टी. ची गाडी जोराने सुटली म्हणजे आपण मागे रेलतो. डोळे उघडे असतील तर गाडी सुटली हे कळते. पण डोळे मिटून बसलेल्या माणसाला क्षणभर असे वाटते की आपले आसनच मागे कलले. आता याची दुसरी बाजू पाहा. पाण्याने भरलेली बादली हाताने गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही. बादली आडवी झाली तरी पाण्याच्या दृष्टीने तळ तो तळच असतो. हेलिकॉप्टरचा माणूस या बादलीतल्या पाण्यासारखा असतो. हेलिकॉप्टरला पुढे ओढणारे वेगळे यंत्र नसते. वरचे मोठे पाते पुढे कलले की त्याच्या जोराचा काही भाग पुढे ओढतो. म्हणून वेग घ्यायचा तर नाक खाली करावेच लागते. नाक पंधरा अंश खाली गेलेले असते, वेग वाढत असतो, आणि वेगाचा रेटा व वजनाची ओढ यांची बेरीज नेमकी बैठकीच्या दिशेने येते. शरीर म्हणते, आपण सरळ बसलो आहोत. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळा शरीराला खोटे पाडतो. बाहेर काळोख आणि धुके असेल तर शरीराला खोटे पाडणारा कोणी साक्षीदार नसतो. नाक आणखी खाली जाते, वेग आणखी वाढतो, आणि तरीही बैठक सरळच वाटते.

डोळ्यांपुढे क्षितिज नसताना शरीरावर भरवसा ठेवता येत नाही, हे जगाला पुष्कळ आधी कळलेले आहे. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जेम्स डूलिटल या वैमानिकाने झाकलेल्या कक्षात बसून, केवळ यंत्रे पाहून विमान उडवून उतरवून दाखविले. कृत्रिम क्षितिज दाखविणारे यंत्र तेव्हापासून वैमानिकाचे दुसरे डोळे झाले. त्याची गरज किती आहे हे १९५४ साली इलिनॉय विद्यापीठातील एका प्रयोगात मोजले गेले. यंत्रांवरून उडण्याचे शिक्षण न घेतलेल्या वीस नवशिक्या वैमानिकांना विमानात बाहेरचे दिसणार नाही अशा स्थितीत ठेवले. विसांच्या विसांनी विमानावरचा ताबा गमावला. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. म्हणजे पुरती तीन मिनिटेही नाहीत.

येथे कोणी विचारील, की गिलिंगहॅमचे वैमानिक तर व्यवसायातले होते, आणि त्यांच्या पुढे यंत्रे होती. मग त्यांनी यंत्रे पाहून का उडविले नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हेलिकॉप्टरच्या स्वभावात आहे. यंत्रांवरून उडविण्यासाठी हेलिकॉप्टरला एक किमान वेग लागतो. ‘एडब्ल्यू १३९’ साठी तो सुमारे ५० नॉट, म्हणजे ताशी ९० किलोमीटरांच्या जवळपास आहे. त्याखाली वेगदर्शक काटा नीट दाखवीत नाही, आणि यंत्राला स्वतःची स्थिरता कमी असते. जमिनीवरून उठताना मात्र वेग शून्य असतो. म्हणजे शून्यापासून ५० नॉटपर्यंतचा जो टप्पा आहे तो डोळ्यांनीच पार करावा लागतो. चांगल्या दिव्यांच्या धावपट्टीवर हा टप्पा पुढच्या दिव्यांकडे पाहून पार पडतो. दिवे नसलेल्या शेतावर, रात्री, धुक्यात, अलीकडच्या काठावर जमीन सुटलेली असते आणि पलीकडच्या काठावर यंत्रांचा भरवसा अजून आलेला नसतो. मधली दरी काही सेकंदांचीच आहे. पण त्या काही सेकंदांत डोळे बाहेरून आत, यंत्रांकडे, न्यावे लागतात. कोण बाहेर पाहणार आणि कोण काटे वाचणार हे दोघांत आधी ठरलेले असावे लागते. आणि हा क्रम हातात पुरता मुरलेला असावा लागतो. तो मुरण्यासाठी प्रतिकृती-यंत्रात पुन्हा पुन्हा सराव हवा. संकट आले म्हणजे माणूस विचाराने वागत नाही, सवयीने वागतो.

ही एकटीदुकटी घटना असती तर आम्ही ती दैवाच्या खात्यावर टाकली असती. पण पाच वर्षांनी तीच गोष्ट जवळजवळ अक्षरशः पुन्हा घडली.

अमेरिकेत क्रिस क्लाइन नावाचे कोळशाचे मोठे उद्योगपती होते. घराणे पश्चिम व्हर्जिनियातील खाणकामगारांचे. ते स्वतः बाविसाव्या वर्षी खाणीत उतरले, आणि पुढे इलिनॉयमधील कोळशाच्या खाणींतून त्यांनी अफाट संपत्ती मिळविली. बहामा बेटांपैकी बिग ग्रँड के या बेटावर त्यांचे घर होते. ४ जुलै २०१९ च्या पहाटे, दोन वाजण्याच्या सुमारास, घरातील आजारी माणसांना फ्लोरिडातल्या रुग्णालयात नेण्यासाठी त्यांचे हेलिकॉप्टर बेटावरून निघाले. तीच जात, ‘एडब्ल्यू १३९’. दोन वैमानिक, क्लाइन, त्यांची तरुण मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणी, असे सात जण होते. हवा स्वच्छ होती. पण चंद्र नव्हता आणि पुढे नुसता काळा समुद्र होता. अशा वेळी स्वच्छ हवाही धुक्यासारखीच वागते, कारण आकाश कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते हे दिसत नाही. हेलिकॉप्टर वर चढले, नाक खाली जाऊन ते उतरू लागले, जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र ओरडले, चालकाने ते सावरले. आणि क्षणभराने ते पुन्हा उतरू लागले व समुद्रात गेले. सातही जण गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताचा तपास करून जो निर्णय दिला तो असा: बाहेरचा कोणताही दृश्य आधार नसताना अंधाऱ्या रात्री पाण्यावरून निघण्याचा वैमानिकांचा निर्णय, त्यातून आलेला दिशाभ्रम, यंत्रांकडे पुरेसे लक्ष नसणे आणि इशाऱ्यांना वेळेवर प्रतिसाद न देणे. त्या बेटावरून रात्री उडण्याचा अनुभव नव्हता आणि दोघांचे परस्पर सहकार्य अपुरे पडले, हेही मंडळाने नमूद केले.

या अपघाताच्या ध्वनिमुद्रणात एक जागा अशी आहे की ती वाचून आम्ही पुस्तक मिटून बसलो. हेलिकॉप्टर पहिल्यांदा खाली झेपावले आणि सावरले गेले, तेव्हा दोघांपैकी एकजण म्हणतो की ब्रिटनमध्ये असाच एक प्राणघातक अपघात झाला होता आणि तेथे नेमके हेच घडले होते. म्हणजे गिलिंगहॅमचा धडा त्या माणसाला पाठ होता. तो धडा त्याच्या तोंडी असतानाच ते पाण्यात गेले. ज्ञान असले म्हणजे माणूस वाचतो असे आपण मानतो. येथे ज्ञान होते, इशारा देणारे यंत्र होते, दोन माणसे होती. कमी काय पडले? आमचे उत्तर असे की ज्ञानाचा उपयोग करण्याची वेळ निघून गेली होती. ते वाक्य जमिनीवर, पंखा सुरू होण्यापूर्वी, निर्णयाच्या वेळी उच्चारले जायला हवे होते. आकाशात त्याला काही किंमत उरली नव्हती.

म्हणून सगळा प्रश्न अखेर जमिनीवरच्या निर्णयाशी येऊन थांबतो. निघायचे की नाही, हे कोणी ठरवायचे?

कायद्याचे उत्तर सरळ आहे: मुख्य वैमानिकाने. पण कायद्यात एक भेद आहे आणि तो नीट पाहिला पाहिजे. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या उड्डाणाला किती अंतरापर्यंत दिसले पाहिजे याची किमान मर्यादा ठरलेली असते. गिलिंगहॅमचे उड्डाण भाड्याचे असते तर त्या धुक्यात त्याला तेथून निघता आले नसते. ते खाजगी होते. वैमानिक पगारी, यंत्र कोट्यवधींचे, पण प्रवासी भाडे देणारा नाही, म्हणून खाजगी. आणि खाजगी उड्डाणाला त्या वेळी निघण्यापुरती अशी किमान मर्यादा कायद्याने घातलेली नव्हती. सर्व काही वैमानिकाच्या तारतम्यावर सोपविलेले होते. पुढे ऑगस्ट २०१६ पासून युरोपात मोठ्या व गुंतागुंतीच्या खाजगी विमान-हेलिकॉप्टरांसाठी वेगळे नियम लागू झाले. मालकाला लेखी कार्यपद्धती ठेवणे त्यांनी भाग पाडले.

‘तारतम्य’ हा शब्द मोठा गोड आहे. वैमानिकाला स्वातंत्र्य आहे, त्याच्या बुद्धीवर विश्वास आहे, असे त्यातून वाटते. आम्ही संघटनेत काम करणारी माणसे अशा स्वातंत्र्याकडे जरा संशयाने पाहतो. ज्याची नोकरी एकाच माणसाच्या मर्जीवर आहे त्याला दिलेले तारतम्य म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या खांद्यावर टाकलेले ओझे असते. मालक एक शब्दही बोलत नाही. तो फक्त कोट घालून, घड्याळ पाहत येऊन बसतो. तेवढे पुरते. गिलिंगहॅमला मालकाने दडपण आणले असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणायला आमच्याजवळ आधार नाही. आम्ही म्हणतो ते एवढेच, की अशा जागी दडपण आणावे लागत नाही, ते तेथे असतेच.

आमच्या अनुभवातले एक उदाहरण सांगतो. एका कारखान्याच्या आवारात उंच क्रेन होती. वादळी वारा सुटला असता क्रेनवाल्याने भार उचलायला नकार दिला. त्याच्यावर चार्जशीट आली, आठ दिवस तो घरी बसला. व्यवस्थापनाचे म्हणणे असे, की वारा धोक्याचा होता की नव्हता हे त्याने कोणत्या मापाने ठरविले? खरे सांगायचे तर प्रश्न बिनतोड होता. माप नव्हतेच. पुढे समेटात आम्ही पैशाची मागणी मागे ठेवली आणि मापाची पुढे केली. वारा मोजणारे यंत्र बसले, आणि अमुक वेगाच्या वर क्रेन बंद, अशी पाटी चालकाच्या खोलीत लागली. त्या दिवसापासून त्याला नकार द्यावा लागला नाही. तो पाटीकडे बोट दाखवी. नियम माणसाचे हात बांधतो असे म्हणतात. नोकराच्या बाबतीत पुष्कळदा नियमच त्याचे हात मोकळे करतो.

रेल्वेचे पाहा. लाल सिग्नल असला म्हणजे गाडीत मंत्री बसले आहेत की मालगाडीत कोळसा आहे, हे ड्रायव्हर विचारीत नाही. उत्तरेकडील धुक्याच्या दिवसांत सिग्नलच्या अलीकडे रुळांवर फटाके लावण्याची जुनी पद्धत आहे. चाकाखाली बार झाला की सिग्नल जवळ आला हे ड्रायव्हरला समजते. आता उपग्रहाच्या साहाय्याने तीच सूचना देणारी यंत्रेही आली आहेत. गाडीचा वेग उतरविला जातो, गाड्या तासन् तास उशिरा येतात, आपण फलाटावर बसून रेल्वेला शिव्या देतो. पण त्या उशिरासाठी कोणा ड्रायव्हरला मालकापुढे तोंड द्यावे लागत नाही. उशीर त्याचा नसतो, नियमाचा असतो. खाजगी हेलिकॉप्टरच्या चालकाला मात्र ‘आज जमणार नाही’ हे वाक्य स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नोकरीवर उच्चारावे लागते.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्हींना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा: हेलिकॉप्टर माझे, जीव माझा, सरकारने मध्ये का पडावे? उत्तर असे की जीव एकट्याचा नसतो. गिलिंगहॅमला चार गेले, त्यांत मालक एक. बहामात सात गेले, त्यांत मालक एक. जे आपले यंत्र चालविण्यासाठी दुसऱ्याला पगार देतात ते त्या दुसऱ्याचा जीव विकत घेत नाहीत. शिवाय नियम असता तर सर्वांत मोठा लाभ खुद्द मालकालाच झाला असता. तो एक रात्र वाड्यात झोपला असता किंवा मोटारीने गेला असता. मालकवर्गाला आम्ही हे वैरभावाने सांगत नाही. नोकराला नकाराचा अधिकार देणे म्हणजे आपल्याच गळ्यात ताईत बांधणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. बहामात कोणाचा लोभ नव्हता, हट्टही नव्हता. घरात आजारी पोरी होत्या, बाप होता, मध्यरात्र होती. वैमानिक धावून आले ते माणुसकीने. अशा वेळी नियम दाखवायचा काय? आम्ही म्हणतो, अशाच वेळी दाखवायचा. दया हेही दडपणच आहे, आणि मालकाच्या दडपणापेक्षा ते झुगारणे अवघड आहे. रुग्ण नेणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या धंद्याने हा धडा पुष्कळ जीव गमावून घेतला. अमेरिकेत अशा सेवांनी एक पद्धत पाडली आहे: उड्डाण करता येईल की नाही हे वैमानिकाला विचारताना रुग्ण कोण, वय काय, किती अत्यवस्थ आहे, हे त्याला सांगतच नाहीत. त्याच्यापुढे फक्त हवामान आणि वाट ठेवतात. लहान मूल आहे असे कळले तर माणूस धुक्यातही वाट पाहू लागतो, हे त्यांनी ओळखले. त्यांची दुसरी पद्धत अशी की वैमानिक, परिचारिका आणि तिचा सहकारी या तिघांचा होकार असेल तरच निघायचे; तिघांपैकी एकाने नको म्हटले की उड्डाण रद्द, आणि कारण विचारायचे नाही. निघायला सर्वांची संमती, थांबायला एकाचा शब्द पुरे. लोकशाहीत बहुमत चालते. धुक्यात बहुमत चालत नाही. शिवाय २०१४ साली अमेरिकी सरकारने या सेवांना जमिनीचा इशारा देणारी व उंची मोजणारी यंत्रे सक्तीची करणारे नियम काढले. यंत्र हवेच, पण बहामात यंत्र ओरडूनही उपयोग झाला नाही, हे विसरता येत नाही.

हे सारे दूरदेशीचे झाले असे कोणी म्हणू नये. २ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी पुण्याजवळ बावधनच्या डोंगरात मुंबईकडे निघालेले एक खाजगी हेलिकॉप्टर कोसळले. परिसरात धुके होते. मेले ते तिघे: दोन वैमानिक आणि एक अभियंता. प्रवासी कोणी नव्हता. तिघेही कामावर होते. १५ जून २०२५ रोजी पहाटे केदारनाथहून परतणारे यात्रेकरूंचे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या दरीत पडले. ढग दरीत उतरलेले होते. सात जण गेले, त्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील एक दांपत्य आणि त्यांची तान्ही मुलगी होती. या दोन्ही घटना दिवसाच्या आहेत आणि प्रत्येकीची चौकशी वेगळी आहे. त्यांची कारणे आम्ही येथून ठरवू पाहत नाही. पण निवडणुकीचे दौरे, लग्नकार्ये, तीर्थयात्रा आणि कारखानदारांच्या भेटीगाठी यांसाठी आपल्याकडेही हेलिकॉप्टरे वाढली आहेत. वाट पाहण्याची सवय नसलेली मोठी माणसे त्यांत बसतात, आणि ‘साहेब, अर्धा तास थांबू’ असे म्हणणारा माणूस पुढच्या आसनावर असतो.

आपल्या कायद्याला ही कल्पना अपरिचित नाही. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराला, जीवाला तातडीचा धोका दिसला तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा अधिकार तिने दिला, आणि त्यावर तत्काळ उपाय करण्याची जबाबदारी वरिष्ठांवर टाकली. हजारो माणसे मेल्यावर मिळालेला तो अधिकार आहे. त्यातले तत्त्व असे की धोका ज्याला आधी दिसतो त्याचा शब्द आधी ऐकला पाहिजे, मग त्याचा पगार कितीही लहान असो.

मग करावे काय? आमच्या समजुतीप्रमाणे पाच गोष्टी. खाजगी असो की भाड्याचे, प्रत्येक उड्डाणाला किमान किती दिसले पाहिजे याचा आकडा लेखी असावा, आणि तो मालकाने नव्हे, कायद्याने घालावा. रात्री जेथून निघायचे त्या जागेवर दिशा दाखविणारे दिवे असल्याशिवाय निघू नये. अंधारातून यंत्रांवर जाण्याच्या त्या काही सेकंदांचा सराव प्रतिकृती-यंत्रात ठराविक मुदतीने व्हावा, आणि त्याचा खर्च मालकाने सोसावा. निघण्याची अखेरची वेळ दिवसाउजेडी ठरावी. ती टळली की मोटार तयार असावी, म्हणजे ‘आता कसे होणार’ हा प्रश्नच उरत नाही. आणि पाचवी गोष्ट: नकार दिल्याबद्दल कोणत्याही वैमानिकाचा पगार, बढती वा नोकरी जाणार नाही, हे त्याच्या नेमणूकपत्रात लिहिलेले असावे.

पहिल्या चार गोष्टींना पैसा लागतो. पाचवीला पैसा लागत नाही, आणि तीच मिळवायला सर्वांत अवघड आहे. आपल्यापैकी फारच थोडे लोक हेलिकॉप्टरात बसतील. पण बॉयलरपुढे, गटाराच्या तोंडाशी, विजेच्या खांबावर, रात्रपाळीच्या एस्. टी. च्या चाकामागे असा एक माणूस रोज उभा असतो, ज्याला पुढचे दिसत नाही आणि मागून घाई होत असते. तो ‘थांबा’ म्हणाला तर त्याला भित्रा म्हणू नये, आणि तो तसे म्हणू शकेल अशी सोय त्याच्या कामाच्या अटींतच करून ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.